दाजींच्या कमरेचा पट्टा

कोल्हापूरच्या गाडीतून खोपटला उतरलो आणि ठाण्याचं पहिलं दर्शन झालं ते एका वाढदिवसाच्या फलकाचं. फलकावर चाळीसेक चेहरे, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, आणि वाढदिवस नेमका कुणाचा हे शोधायला मला माझा चष्मा काढून पुसावा लागला. तरीही सापडला नाही. आमच्या रंकाळ्याच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी निघताना बजावलं होतं, की मास्तर, नुसतं फिरून येऊ नका, लिहून आणा. तर घ्या, फलकापासून सुरुवात.

माझी धाकटी बहीण शैला डेपोच्या दाराशी उभी होती. नर्सची नोकरी लागली म्हणून कल्याणला गेली आणि तिथल्याच एका स्थानिक घरात लग्न करून बसली, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तिचे यजमान जनार्दन, गावात जनूशेठ, माझे दाजी. त्यांचे आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती केली, आणि दाजींनी जमीन बिल्डरला दिली. जमिनीमागून पैसा आला, पैशामागून जिवाची भीती आली आणि भीतीमागून रिव्हॉल्व्हरचं लायसन आलं. निवडणूक लागली की ते रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा करावं लागतं, म्हणून लोकशाहीवर दाजींचा कायमचा राग आहे.

दाजी गाडी लावायला जागा शोधत होते. ठाण्यात गाडी लावायला जागा शोधणं हे अर्ध्या दिवसाचं काम, त्यामुळे शैलाला बोलायला निवांत वेळ मिळाला. डेपोसमोरच्या टपरीवर तिनं मला चहा दिला. चहा म्हणजे साखरेचं गरम पाणी, पण ते जाऊ दे.

"दादा, तुला हर्षदाच्या लग्नाच्या आधी एवढ्या लवकर का बोलावलं, सांगू?" ती म्हणाली. हर्षदा म्हणजे माझी भाची. "यांना हळदीला कमरेला रिव्हॉल्व्हर लावून एन्ट्री करायचीय. ते परदेशी गुराखी लावतात तसं. चामड्याचा रुंद पट्टा, त्याला काडतुसांच्या खोबणी, मांडीवर लटकणारं कव्हर. यांच्या चुलतभावानं, बाळाशेठनं, त्याच्या मुलीच्या हळदीत खांद्याला लटकवून नेलं आणि दोन बार काढले. आता यांना त्याच्या वरताण करायचीय."

"मग मी काय करू?"

"यांच्याबरोबर फीर आणि प्रत्येक पट्ट्याला नावं ठेव. तू कोल्हापूरचा, म्हणजे तुला चामड्यातलं कळतं असं यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पट्टाच मिळाला नाही तर ते घरी राहील. जन्मभर नावं ठेवत आलास दादा, एकदा माझ्यासाठी ठेव."

मी हसलो. ती हसली नाही. "ऑपरेशन थिएटरला असताना आमच्याकडे एक पोरगा आणला होता," ती म्हणाली. "हळदीतून. अंगाला हळद तशीच होती. मी गोळी काढायला डॉक्टरांना हात दिला, पण तो राहिला नाही. मला माझ्या मुलीच्या हळदीत तो आवाज नकोय."

मी म्हटलं, ठेवतो नावं.

दाजी आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट, आणि गळ्यात अशी साखळी की आमच्याकडे तिनं म्हैस बांधतात. माणूस मात्र पाया पडला. "दादा, आलात, लय बरा झाला. तुमीच पाहिजे होते. हिकडं साले रेक्झिन दाखवून फसवतान."

ठाण्यातलं पहिलं दुकान स्टेशनच्या बाजूला, काचेचं आणि थंडगार. तिथला टाय लावलेला तरुण म्हणाला, "सर, प्युअर लेदर आहे, इम्पोर्टेड फिनिश." मी पट्टा नाकाशी नेला. रॉकेल आणि नव्या प्लॅस्टिकच्या बादलीचा वास. नखानं कडेला खरवडलं तर वरचा पापुद्रा सुटून आला. इथं मला खोटं काही बोलावंच लागलं नाही. "हे चामडं ज्या जनावराचं आहे ते जनावर कारखान्यात जन्मलं," मी म्हटलं. दाजी खूष झाले. "बगा, बोललो ना, दादाला कलतंय!"

दुसरं दुकान कोर्टाकडच्या रस्त्यावर, पोलीस आणि वॉचमनच्या गणवेशांचं. तिथं खरी कव्हरं होती, काळी, साधी, वरून झडप आणि बटण. माल चांगला होता. मी नावं ठेवायला तोंड उघडणार, तोच दाजींनीच नाक मुरडलं. "मी काय हवालदार हाय काय? आमचे दारान हवालदार येतो, चा पिऊन जातो." दुकानदारानं विचारलं, की लायसनवर लग्नसमारंभात हत्यार नेऊ नये असं काही असतं ना? दाजी म्हणाले, असतं. ज्या सुरात आपण लग्नपत्रिकेवरचं 'आहेर आणू नये' वाचतो, त्याच सुरात.

तिथून डोंबिवली. शिळफाट्यावरून जाताना मी भूगोलाचा मास्तर असूनही माझा भूगोलावरचा विश्वास उडाला. नकाशात हाताच्या पंजाएवढं अंतर, आणि आमच्या शेजारचा टेम्पोवाला तेवढ्यात दाढी करून मोकळा झाला. दोन्ही बाजूंना इमारती, त्यांच्या नावांत कुठे बाग, कुठे तळं, कुठे टेकडी. आणि बाग, तळं, टेकडी यांतलं एकही आजूबाजूला नाही. दाजी मात्र बोट दाखवून सांगत होते, ही आत्याची जमीन होती, हा टॉवर मामाच्या भातशेतावर. जणू नातेवाईकांची ओळख करून देत होते. त्यांच्या आवाजात ना दुःख होतं ना आनंद.

डोंबिवलीत नाटकाचे आणि शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारं एक दुकान आहे असं दाजींना कुणीतरी सांगितलं होतं. दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ, पांढरा लेंगा, कपाळावर चष्मा, अगदी शुद्ध मराठी. "आपल्याला कोणत्या इयत्तेसाठी हवं आहे?" त्यांनी विचारलं.

"मनाच पाहिजे," दाजी म्हणाले. मना म्हणजे मला.

त्यांनी दाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माळ्यावरून एक पेटी काढली. आत तांबड्या रबराचा पट्टा, त्याला फोमचं कव्हर, वर सोनेरी कागदाची चांदणी. दाजींनी तो कमरेला लावून पाहिला. दहा वर्षांच्या मुलासाठी केलेला पट्टा दाजींच्या पोटाच्या निम्म्या वाटेवर थांबला. मग दाजींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "यात बसंल का बगा."

गृहस्थांनी रुमाल उलगडला आणि लगेच पुन्हा झाकला. "हे खरं आहे," ते म्हणाले.

"खराच हाय. रिकामा हाय, घाबरू नका."

"मी घाबरलो नाही. पण आमच्या दुकानात आजवर खरी वस्तू कधी आलेली नाही, आणि यापुढेही येऊ नये अशी माझी इच्छा आहे. नमस्कार." दार दाखवण्याची ही डोंबिवलीची पद्धत मला अतिशय आवडली. दाजींना कळायला मात्र पायऱ्या उतरेपर्यंत वेळ लागला.

दाजींचं गाव टिटवाळ्याच्या अलीकडे. घर म्हणजे तीन मजली गुलाबी इमारत, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन सिंह, एकाचं नाक उडालेलं. या सिंहांबद्दल मी पानभर लिहू शकतो, पण संध्याकाळी शैलाच्या सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवल्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी वाढली आणि माझं तोंड बंद झालं. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, आणि घडी घातली तरी तुटायची नाही. मी तिलाही नावं ठेवायचा विचार केला आणि चौथी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी कल्याण. तिथं बाजारात एका बोळात बाबूरावांचं दुकान आहे. वरातीच्या घोड्यांचं सामान बनवतात: खोगीर, लगाम, तंग, पट्टे. पूर्वी टांग्यांचं बनवायचे, आता टांगे कमी आणि वराती जास्त. बाबूराव धिप्पाड, मिशा वळवलेल्या, आणि अंगात मग्रुरी ठासून भरलेली. पुढ्यात एक घोडेवाला गिऱ्हाईक बसलेलं असताना आमच्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. बराच वेळ उभं केल्यावर म्हणाले, "बोला."

दाजींनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. बाबूरावांनी मागच्या खुंटीवरून एक पट्टा काढून समोर टाकला. "एका सिनेमावाल्यानं सांगितलेला. न्यायला आलाच नाही."

काय सांगू तुम्हाला! चार बोटं रुंद, जाड, मधासारखा रंग. हातशिलाई, एकेक टाका सारखा. पितळी बक्कल. काडतुसांच्या खोबणी एका ओळीत, आणि मांडीवर येणारं कव्हर खाली निमुळतं, वर अंगठ्यानं उघडायची पट्टी. वास घेतला तर बाभळीच्या सालीचा. आमच्याकडे चपलेचं चामडं असंच कमावतात. पोरवयात चप्पलवाल्यांच्या गल्लीत शिरलो की हाच वास यायचा. जन्मात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट बघता क्षणी आवडली होती, आणि नेमकी तिलाच नावं ठेवायची होती.

"वास मारतंय," मी म्हटलं. "कमावताना घाई केलीय. शिलाई डावीकडे सरकलीय. आणि हे म्हशीच्या पायाचं चामडं दिसतंय, पाठीचं नव्हे."

घोडेवाला वळून माझ्याकडे बघायला लागला. बाबूरावांनी पट्टा उचलून खुंटीला परत लावला. "तुमी कोन?"

"हे दादा. कोल्हापूरचं," दाजी अभिमानानं म्हणाले.

"मग चपला शिवा," बाबूराव म्हणाले. "मी घोड्यांचं बनवतो. घोडा लाथ मारतो, पण खोटं बोलत नाय. निघा."

बोळातून बाहेर पडताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी मात्र समजूत घालत होते, "जाऊ द्या दादा, तुमी वाचवलंत. म्हशीच्या पायाचा! मी घेनारच होतो." त्यांनी मला उसाचा रस पाजला. त्यात आलं जास्त होतं. तेही मी सांगितलं, कारण ते तरी खरं होतं.

त्यानंतर दाजींनी आणखी दुकानं पालथी घातली आणि मी प्रत्येक ठिकाणी माझं काम चोख केलं. शैला मला रोज बांगडा तळून वाढत होती. हळद दोन दिवसांवर आली. गावभर मांडव, लाइटिंग, बँजोवाल्यांची ठरवाठरव. तुम्हाला सांगतो, इथं लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस जेवून जातो, हळदीला मिरवायला येतो. घरातली बाई जेवढं सोनं घालते तेवढं पुरुषही घालतो, आणि मग दोघं मिळून नाचतात. आम्ही घरात मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतो, हे लोक ती बँजो लावून बोलावतात.

त्या दुपारी दाजींनी मला आणि शैलाला आतल्या खोलीत बोलावलं. नवा रेशमी शर्ट अंगात. "पट्टा नाय मिलाला तर नाय मिलाला," ते म्हणाले. "दादानी सांगितला, खराब घेन्यापेक्षा न घेतलेला बरा. हा असा खोचीन."

आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर पँटच्या कमरेत, बेंबीच्या खाली खोचलं, वरून शर्ट सोडला, आणि आरशासमोर दोन्ही हात वर करून नाचून दाखवलं. पोट हललं तसं रिव्हॉल्व्हर सरकलं. दाजींनी नाचता नाचताच ते सावरलं. "बसतंय ना?"

शैला खोलीतून निघून गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याला धरून उभी होती.

"तो पोरगा," ती म्हणाली, "त्याच्या काकांनी असंच कमरेला खोचलं होतं. कुणी बार काढला नव्हता दादा. नाचताना खाली पडलं आणि सुटलं. तो समोर नाचत होता, बस्स."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं पट्टा नाही तर ते नेणारच नाहीत. मला वाटलं तसं होईल."

मलाही तसंच वाटलं होतं. दोघं शिकलेले, आणि दोघांनाही हे सुचलं नव्हतं की म्यान काढून घेतलं म्हणून कुणी तलवार टाकत नाही. अक्कल गहाण ठेवून मी गावोगाव नावं ठेवत फिरलो आणि एका चांगल्या, पट्टीच्या, बंद कव्हरातून ते हत्यार सोडवून दाजींच्या पोटावर आणून ठेवलं. माझा मलाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी एकटाच कल्याणला गेलो. बाबूराव तिथंच, आणि नशीब बघा, तोच घोडेवालाही तिथंच. जणू दोघं माझी वाट बघत बसले होते.

"तो पट्टा हवाय," मी म्हटलं.

"कोनता?"

"खुंटीवरचा."

"त्यो म्हशीच्या पायाचा? वासाचा?"

"बाबूराव, माल चांगला आहे."

"मोठ्यानं बोला. याला ऐकू दे. त्या दिवशी यानीच ऐकलं."

मी मोठ्यानं बोललो. चामडं पाठीचं आहे, बाभळीनं कमावलेलं आहे, शिलाई सरळ आहे, आणि मी खोटं बोललो. घोडेवाल्यानं मान डोलावली. बाबूरावांनी मग मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. तो चहा त्या सबंध प्रवासातला सगळ्यात चांगला होता, हे लिहिताना मला आनंद होत नाही.

"खोटं कशापायी बोललात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सगळं. बाबूरावांनी पट्टा मांडीवर घेतला, कव्हरात दोन बोटं घालून पाहिली. "तेल दिलेलं नाय अजून," ते म्हणाले. "कोरडं हाय. असंच न्या." यापुढे एक शब्द बोलले नाहीत. मलाही गरज नव्हती. कोल्हापूरचं पोर आहे मी; कोरी चप्पल ओली करून उन्हात टाकली तर पायाला कशी धरते हे मला शिकवायला नको.

घरी येऊन दाजींना पट्टा दिला. ते इतके खूष झाले की मला मिठीच मारली. "पन म्हशीच्या पायाचा ना?" मी म्हटलं, बाबूरावांनी दुसरा काढून दिला. एका खोट्यावर दुसरं खोटं.

"नवं चामडं आहे," मी सांगितलं. "आधी आकार द्यायला लागतो. ओलं करून त्यात रिव्हॉल्व्हर बसवायचं आणि वाळवायचं. गोळ्या काढा." दाजींनी सगळ्यांसमोर गोळ्या काढून कपाटात ठेवल्या. शैलानं रिकामं चक्र दोनदा बघितलं. जाणकार माणूस रिव्हॉल्व्हर पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो आणि चामडं आंबटओलं असतानाच बाहेर काढून घेतो. मी कव्हर बादलीत चांगलं बुडवलं, रिव्हॉल्व्हर तसंच उघडं आत दाबलं, पट्टी लावली, आणि गच्चीवर नकट्या सिंहाच्या पायाशी मे महिन्याच्या उन्हात दिवसभर ठेवून दिलं. भूगोलानं मला आयुष्यात फारसं काही दिलं नाही, पण ऊन कुठल्या वेळी कुठे पडतं ते मला ठाऊक असतं.

हळदीच्या दिवशी दुपारी दाजींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत डोकावलो तर दाजी पलंगावर बसलेले, पट्टा दोन्ही पायांत धरलेला, आणि दोन्ही हातांनी मूठ ओढतायत. घामाघूम. रिव्हॉल्व्हर तसूभर हलत नव्हतं. निघालं नाही तर भरणार कसं?

"दादा, येत नाय."

"नवं चामडं आहे," मी म्हटलं. "चावतं."

"सोरवायला काय करू?"

"कापावं लागेल. पण कापलंत तर संध्याकाळी कमरेला काय लावाल?"

दाजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारी स्टुलावर हळदीची वाटी होती, कारण त्या दिवशी त्या घरात हळदीची वाटी नाही अशी जागाच नव्हती. मग त्यांनी पट्टा कमरेला बांधला आणि म्हणाले, "कसा दिसतंय?"

खरं सांगायचं तर उभ्या बुजगावण्याला तलवार बांधल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, झकास.

संध्याकाळी मांडव गच्च भरला. मध्ये पाटावर हर्षदा, पिवळीधमक, आणि तिच्या बाजूला धवलारीण (लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी सांगणारी बाई), वय झालेली, आवाज मात्र खणखणीत. बाळाशेठ खांद्याला रिव्हॉल्व्हर लटकवून, डोक्यावर रुंद टोपी घालून आले. मे महिन्यात टोपी आणि वर जाकीट. उकाड्यानं तो माणूस वितळत होता, पण उतरवेल तर शपथ. मग बँजो सुरू झाला, धूर सोडला, आणि दाजींची एन्ट्री झाली. पट्टा चमकत होता, आणि लोक शिट्ट्या मारत होते.

बाळाशेठ पुढे झाले. "जनू, नुसता दाखवतोस काय? काढ की."

"काढ, काढ!" पोरं ओरडली. बँजोवाल्यांनी वाजवणं थांबवून ताल धरला. दाजींचा हात मुठीवर गेला. आता हे ओढणार, पट्टा छातीपर्यंत वर येणार, सगळा मांडव हसणार, आणि उद्या अपमानानं पेटून हे पट्टा कापून खरंच बार काढणार. शैला हळदीचं ताट धरून खांबाशी उभी होती. तिला माझी करामत मी सांगितली नव्हती. तिला वाटत होतं की ते निघणार आहे.

दाजींनी हर्षदाकडे बघितलं. नंतर शैलाकडे. मग मुठीवरून हात काढून पट्टीवर ठेवला, बंद केल्यासारखा.

"माझे पोरीचे हलदीन हा भायेर नाय येनार," ते म्हणाले. "ज्याला आवाज करायचा त्यानी भायेर जाऊन फटाके फोडा. मांडवान माझी पोर बसलीय."

मग धवलारीण म्हातारी पाटाजवळून म्हणाली, "बरा बोल्ला जनू," आणि तिनं पुढचं गाणं उचललं. तिच्यामागे सगळ्या बायका. बाळाशेठ मांडवाच्या मध्यभागी टोपी घालून एकटे उभे राहिले. मग हळूच खांद्यावरचं ते सगळं काढून त्यांनी बायकोच्या हातात दिलं, गाडीत ठेवायला. शैलानं ताट खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

मी बाजूला उभा राहून मनात हसलो. म्हटलं, वा रे साधू! निघत नाही म्हणून काढत नाही, आणि वर टाळ्याही घेतो. निरुपायाचं सोनं करावं तर आमच्या दाजींनी. रात्रीच्या जेवणाला हे मी कुणाला सांगितलं नाही, पण कोल्हापूरला कट्ट्यावर कसं सांगायचं हे वाक्यावाक्यानं जुळवून ठेवलं.

लग्न झालं, भाची सासरी गेली, आणि मला सोडायला दाजी एकटेच खोपटला आले. या वेळी गाडी लावायला जागा पटकन मिळाली. डेपोत गाडीची वाट बघत उभे असताना मला जरा दया आली. वाटलं, माणूस किती दिवस ते चामड्यात अडकलेलं घेऊन बसणार? पुढे पोलिसांना दाखवायला तरी काढायला हवं.

"दाजी," मी म्हटलं, "ते रिव्हॉल्व्हर काढायला कापायची गरज नाही. आतून चार थेंब तेल सोडा, रात्रभर ठेवा. सहज निघेल."

दाजींनी माझी पिशवी खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिली.

"मना म्हाईत हाय, दादा," ते म्हणाले. "मिठागरावरची पोरं आमी. खाऱ्या पान्यान चपला आखडतान, मग तेल लावूनच घालतो."

"मग त्या दिवशी..."

"हलदीच्या घरान तेलाची काय कमी होती? मीच नाय लावला."

गाडी लागली. दाजी पाया पडले, शैलासारखंच "पोचल्यावर फोन करा" म्हणाले, आणि पांढरे बूट वाजवत गर्दीतून निघून गेले. मी खिडकीशी बसलो. डेपोतून बाहेर पडताना तोच वाढदिवसाचा फलक पुन्हा दिसला, ते चाळीस गॉगल पुन्हा दिसले, आणि या शहराला नावं ठेवायला अजून पुष्कळ शिल्लक आहे हेही दिसलं. दाजींना ठेवायला मात्र मी कऱ्हाड येईपर्यंत शोधत होतो. एकही सापडलं नाही.